राणीच्या कपाळावरचा डाग

जो रुपया पाच महिन्यांच्या पोरीच्या तोंडात जाणार, तो आधी धुतला पाहिजे, या माझ्या म्हणण्यात नेमकं काय चुकलं, हे मला अजून कुणीही नीट समजावून सांगितलेलं नाही. ओरडले सगळे. समजावून कुणी सांगितलं नाही. ओरडणं आणि समजावणं यात फरक असतो, असं मी त्या दिवशीही म्हणालो, आणि त्यावरही ओरडाच खाल्ला.

पोरगी म्हणजे माझी भाची कृतिका. माझी धाकटी बहीण प्रीती, तिची ही मुलगी. बारसं सासरी, आंबिवलीला, अगदी दणक्यात झालं. म्हणून उष्टावण माहेरी, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या वन-बीएचकेत करायचं ठरलं. उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. आमच्या घरात तो मामा भरवतो, आणि चमच्यानं नाही, चांदीच्या रुपयानं. रुपयाच्या कडेवर खिरीचा थेंब घ्यायचा आणि बाळाच्या जिभेला लावायचा. रुपया राणीचा आहे. पुढं मुकुट घातलेली व्हिक्टोरिया राणी, मागं सन १८६२. माझी आजी तुळसा लग्न होऊन सासरी आली तेव्हा तो तिच्याबरोबर आला, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोरानं पहिली खीर त्याच रुपयावरून चाटली आहे. मी चाटली, प्रीतीनं चाटली, शकूआत्यानंसुद्धा चाटली.

शकूआत्या ही माझ्या बाबांची मोठी बहीण. राहते कल्याणला, पण आमच्या घरातलं देवाधर्माचं खातं तिच्याकडे आहे. कुठला उपास कधी सोडायचा, कुठल्या नातेवाइकाशी कधी बोलायचं बंद करायचं, सगळं कल्याणहून फोनवर ठरतं आणि डोंबिवलीत अमलात येतं.

आणि खरं दुखणं तिथूनच सुरू होतं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माझी आई, मालन तिचं नाव, घरात काहीही कार्य असलं की आतल्या खोलीत जाऊन बसते. भाजी निवडते, वाल सोलते, बाहेर आरती सुरू झाली की तिथूनच हात जोडते. प्रीतीची एकच इच्छा होती, की तिच्या मुलीला पहिल्यांदा आईनं ओवाळावं. तसं ती आत्याला फोनवर म्हणाली. आत्या म्हणाली, "पाच सवाष्णी बोलावल्यात मी, त्या ओवाळतील. मालननं आतली बाजू सांभाळावी. उगाच कुणी काही बोललं तर तिलाच वाईट वाटेल." फोन स्पीकरवर होता. आईनं ऐकलं. "असू दे गं," म्हणाली, "पोरगी जेवली म्हणजे झालं." आणि नुकतंच घासलेलं ताट घेऊन पुन्हा घासायला बसली. प्रीती रडायला लागली. माझं डोकं असं सणकलं म्हणता! मी दर्शनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातून फोन हिसकावून घेतला आणि आत्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, "बरं."

(आत्याशी फोनवर बोलणं वेगळं असतं. ज्यानं अनुभव घेतलेला नाही त्यानं हसू नये.)

तर रविवारी सकाळी दर्शना फुलं आणायला निघाली. दारात चपला घालता घालता मला म्हणाली, "देव्हाऱ्यातल्या रुपयाला हात लावू नकोस. आत्या आल्या की त्याच काढतील."

"मी कशाला हात लावू?"

"तुझं तोंडच सांगतंय."

बावीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या तोंडावरून जेवढं वाचलंय तेवढं तिनं पेपरात वाचलं नसेल. ती लिफ्टमध्ये शिरली आणि मी देव्हाऱ्याकडे वळलो.

आता मी काही अडाणी माणूस नव्हे. बीएस्सी आहे, केमिस्ट्री. (सेकंड क्लास. पण केमिस्ट्री.) नौपाड्यात एका विमा एजन्सीत नोकरी करतो हा नशिबाचा भाग झाला. अन्नपूर्णेच्या मूर्तीखालून लाल फडक्यातली पुरचुंडी काढली, सोडली, आणि बघतो तर काय, रुपया काळाकुट्ट! राणी कुठली आणि अक्षरं कुठली. हे असलं पाच महिन्यांच्या पोरीच्या जिभेवर? मामा कशाला मग, दुश्मन म्हणा की.

मोबाइलचा कॅमेरा मोठा करून निरखायला लागलो, तर त्यावर नाना तऱ्हेच्या खुणा. राणीच्या गालावर, मानेवर बारीक बारीक ठोके. वरच्या कडेला एक खडबडीत फोड. आणि कपाळाच्या बरोब्बर मधोमध एक लालसर काळा जाडसर डाग. मी व्हॉट्सॲपवर जुन्या नाण्यांच्या एका ग्रुपात आहे. कसा आलो ते आठवत नाही, कुणीतरी घातलं. त्याचा ॲडमिन राकेश म्हणून ठाण्याचाच एक जण आहे. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण तो इतक्या ठामपणे लिहितो की न बघताच आदर वाटावा. मी त्याला फोटो पाठवले आणि लगेच फोनच लावला.

"हे ठोके कसले आहेत हो?"

"सराफांच्या खुणा, सर. पूर्वी रुपया हातात आला की सराफ तो खरा आहे का तपासायचे आणि आपला बारीक ठसा मारायचे."

"आणि कडेचा फोड?"

"तिथं कडी जोडलेली असणार. कुणीतरी माळेत ओवून गळ्यात घातलेला दिसतोय."

मला भलताच आनंद झाला. आमच्या रुपयाला इतिहास होता. "आणि कपाळावरचा लाल डाग?"

राकेश डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतात तसा आवाज काढून म्हणाला, "सर, सॉरी. ते तांबं आहे."

"म्हणजे?"

"चांदीचा मुलामा झिजला की आतलं तांबं वर येतं. कपाळाचा भाग उंच, तो आधी झिजतो. तुमचा रुपया बनावट आहे."

"अहो, पण सराफांच्या खुणा आहेत ना त्यावर?"

"त्याही बनावट," राकेश म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

माझ्या आजीला कुणीतरी फसवलं होतं. दोन पिढ्या तांबं चाटत होत्या. मी जन्मापासून पोटानं नाजूक का, याचाही एका क्षणात उलगडा झाला. आणि आता हे तांबं माझ्या हातानं माझ्या भाचीच्या तोंडात जाणार होतं. मी मनाशी ठरवलं, काय व्हायचं ते होवो, आधी सत्य काय ते शोधायचं. रुपया घासायचा. आत चांदी निघाली तर ठीक. तांबं निघालं तर आत्याच्या तोंडावर सांगायचं. (ते दर्शनानं सांगायचं, असं मी मनाशी योजलेलं.)

चांदी साफ करायची पद्धत सोपी आहे. पातेल्यात पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद पसरायचा, त्यावर नाणं ठेवायचं, खायचा सोडा टाकायचा आणि वरून उकळतं पाणी. काळेपणा आपोआप सुटतो. कुणालाही जमेल. आई आतल्या खोलीत वाल सोलत होती, प्रीती बाळाला आंघोळ घालत होती, आणि प्रीतीचा नवरा संदेश हॉलमध्ये फुगे फुगवत होता. मैदान मोकळं होतं. ओट्यावर एक छान स्वच्छ पातेलं पालथं घातलेलं होतं, ते मी घेतलं. (ते खिरीचं होतं. स्वच्छ होतं म्हणूनच घेतलं ना? घाणेरडं घेतलं असतं तरी बोलणी खाल्लीच असती.)

पाणी ओतल्याबरोबर फसफस सुरू झाली. आणि बघता बघता पाणी लाल व्हायला लागलं! तांबं उतरतंय! (तांब्यानं पाणी निळसर होतं, लाल होत नाही, हे आम्हाला पदवीला होतं. पण तो धडा मी ऑप्शनला टाकलेला.) हळदकुंकवाच्या डागावर साबण पडला की तो लालभडक होतो, हे घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही माहीत असतं. घरात कपडे मी धुत नाही.

या पद्धतीत एक बारीक अडचण आहे, ती कुणी सांगत नाही. वास. काळेपणा सुटताना त्यातला गंधक सुटतो, आणि त्याला अगदी नासक्या अंड्याचा वास येतो. दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दर्शनाचा.

"प्रशांत! अंडी उकडतोयस?"

"नाही!"

"अरे आज उष्टावण आहे, आणि तू घरात अंडी उकडतोयस?"

"अगं अंडी नाहीत. गंधक आहे."

"गंधक? घरात तान्हं बाळ आहे आणि तू गंधक जाळतोयस?"

नशीब बघा, तिला लिफ्टमध्येच आत्या भेटली होती. दारातूनच नाकाला पदर लावून आत्या गरजली, "काय म्हणतोय तो? अंडीच आहेत ना?"

"आत्या, अंडी नाहीत. विज्ञान आहे!"

"मग विज्ञान दुपारनंतर कर म्हणावं. देवाचं आहे घरात."

हॉलमधून संदेशचा आवाज आला, "दादा, उकडलीच असतील तर मला पण दोन."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. रुपया चिमट्यानं बाहेर काढला, आणि काय सांगू, राणी लख्ख! मुकुट दिसतो, माळ दिसते, कानातलंसुद्धा दिसतं. फक्त कपाळावरचा तो डाग अजून तसाच, मऊ पडलेला. टूथपिक घेऊन हळूच खरवडलं. खपली निघाली. आणि खाली तांबं नाही! खाली चांदी! पांढरीशुभ्र, चकचकीत, खरी चांदी! राकेश गाढव होता, माझी आजी फसली नव्हती, आणि मी हे स्वतःच्या हातानं सिद्ध केलं होतं. इतका आनंद मला स्वतःचा रिझल्ट लागला तेव्हाही झाला नव्हता. (तेव्हा तर नव्हताच झाला.)

एका हातात रुपया आणि एका हातात टूथपिक घेऊन मी हॉलमध्ये धावत आलो. "खरी आहे! आपली राणी खरी आहे!"

आत्यानं पर्समधून चष्मा काढला, लावला, रुपया हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुंकू कुठाय?"

"कसलं कुंकू?"

"राणीचं कुंकू! माझी आई मेणाचं बोट फिरवून त्यावर कुंकू लावायची हिला. बाईमाणूस आहे, देवाजवळ बसायचं तर कपाळ मोकळं नको, म्हणायची. घरात उष्टावण आलं की त्यावर नवं बोट. माझ्या वेळचं त्यात होतं, तुझ्या बापाच्या वेळचं होतं. कुठाय ते?"

मी टूथपिककडे बघितलं. आत्यानंही टूथपिककडे बघितलं.

"पुसलंस?" आत्या म्हणाली. "उष्टावणाच्या दिवशी, भरल्या घरात, बाईचं कुंकू पुसलंस?"

संदेशच्या हातातला फुगा सुटला आणि पंख्याभोवती भिरभिरत जाऊन देव्हाऱ्यात पडला. कुणी हसलं नाही.

"आत्या, अगं तो रुपया आहे."

"रुपया? लक्ष्मी आहे ती घरातली!"

"मला वाटलं तांबं आहे."

"तांबं? माझ्या आईच्या रुपयाला तांबं म्हणालास?" आत्यानं रुपया पाटावर ठेवला आणि पदर कमरेला खोचला. "ते काही नाही. अपशकुन झालाय. आज उष्टावण व्हायचं नाही. मी त्या पाचही जणींना फोन करून सांगते, येऊ नका. दुसरा दिवस बघू."

"आत्या, अर्धा स्वयंपाक झालाय," प्रीती म्हणाली. तिच्या कडेवर कृतिका नवं परकर-पोलकं घालून तयार होती आणि स्वतःची मूठ चोखत होती.

"स्वयंपाक खाऊन टाका. घास भरवायचा नाही."

दर्शना माझ्याकडे बघत होती. प्रीती माझ्याकडे बघत होती. मी कोपऱ्यात सापडलो होतो, आणि कोपऱ्यात सापडलेला माणूस करतो तेच मी केलं. मोबाइल काढला. कशासाठी काढला मला माहीत नव्हतं. राणीची काहीतरी माहिती सापडली तर निदान विषय बदलता येईल, इतकाच विचार. आणि वाचता वाचता मला जे सापडलं, ते वाचून माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे.

"आत्या," मी म्हणालो, "राणीचा नवरा कधी गेला, माहितेय तुला?"

"मला काय करायचंय तिच्या नवऱ्याशी?"

"अठराशे एकसष्टच्या डिसेंबरात. आणि रुपयावर सन काय आहे? वाच. बासष्ट. म्हणजे ही बाई आपल्या घरात आली ती विधवा म्हणूनच आली."

आत्यानं पुन्हा चष्मा लावला. रुपया पालथा केला. सन वाचला. सन बदलला नव्हता.

"आईला कुठं ठाऊक होतं?" आत्या म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"तिला ठाऊक नव्हतं. देवाला तर ठाऊक होतं? त्याच्या शेजारीच बसायची ना ती?" मी आता थांबायला तयार नव्हतो. खरं म्हणजे मला थांबता येईना. "या विधवेला तुम्ही कुंकू लावलंत, देव्हाऱ्यात बसवलंत, घरातल्या प्रत्येक पोराला पहिला घास तिच्या हातून भरवलात. कुणाचं काय वाईट झालं? तुझं झालं? पंच्याहत्तरीत कल्याणहून इथपर्यंत येऊन मला झापतेयस, एवढी ठणठणीत आहेस. परक्या मुलखातली विधवा चालते, आणि माझी आई आत वाल सोलत बसते? आज या राणीचं कुंकू मी पुसलं तर अपशकुन झाला. चार वर्षांपूर्वी माझ्या आईचं कुंकू पुसलंत, तेव्हा कुणाला अपशकुन वाटला नाही तो?"

असं मी आयुष्यात कुणाला बोललेलो नाही. ऑफिसात तर नाहीच. शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला आणि हातातली टूथपिक मोडली. चार वर्षांपूर्वी ते कुंकू पुसणारा हात आत्याचाच होता, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आत्यालाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आली. बोटांना वालाच्या साली चिकटलेल्या.

"झालं भांडून?" ती म्हणाली. मग पदराला हात पुसून तिनं पाटावरचा रुपया उचलला आणि अंगठ्यानं राणीचं कपाळ चाचपलं. "वन्सं, हे सासूबाईंचं कुंकू नव्हतं."

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"त्यांचं केव्हाच झिजून गेलं. हे गेल्या चार वर्षांतलं होतं. माझं."

आत्यानं चष्मा काढून हातात घेतला.

"शुक्रवारी देव्हारा पुसायला घेतला की हिला लावायचे. हाताची सवय जाईना, मग काय करायचं? स्वतःला लावायचं नाही, म्हणून हिला लावत होते." आई रुपयाकडे बघून हसली. "ही बरी. कुणाला सांगत नाही."

मी जे टूथपिकनं खरवडलं होतं, ते आजीचं कुंकू असतं तर मी आत्याशी रात्रीपर्यंत भांडलो असतो. पण ते आईचं निघालं. चार वर्षं दर शुक्रवारी माझ्या पाठीमागं दहा फुटांवर हे चाललेलं, आणि मी टीव्ही बघत होतो. मला फार वाईट वाटलं. (म्हणजे रुपया धुतला याचं नाही. ते बरोबरच होतं.)

आत्या पाटाशेजारी खाली बसली. गुडघे धरून, हळूहळू. "मला सांगितलं नाहीस कधी, मालन."

"सांगितलं असतं तर लावू दिलं असतंत?"

आत्यानं विचार केला. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही, हे तिच्या शत्रूंनीही मान्य करावं. (यादी माझ्याकडे आहे.) "नसतं दिलं," ती म्हणाली. मग तिनं हात लांबवून देव्हाऱ्यातला तो चिमलेला फुगा बाहेर काढला. शेवटी नाक ओढून म्हणाली, "दर्शना, करंडा आण इकडं. मेण आहे का घरात?"

"व्हॅसलिन आहे," दर्शना म्हणाली.

"आण. चालतंय." करंडा आला. आत्यानं तो आईपुढं सरकवला. "लाव हिला. आणि ताट तू घे हातात, पोरीला आधी तूच ओवाळ. त्या पाच जणी आल्या की मागून ओवाळतील. कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव."

"आणि मी?" आई म्हणाली. अगदी हळू विचारलं तिनं.

"तुझं तू बघ बाई. लावायचं तर लाव, नाही तर नको. मी आता एक शब्द बोलणार नाही." (यानंतर ती अर्धा तास बोलत होती.)

आईनं राणीच्या कपाळाला बोट टेकवलं. छान गोल, ठसठशीत. मग तेच बोट, पुसायच्या आधी, स्वतःच्या कपाळाला टेकवलं. प्रीती हुंदके द्यायला लागली, दर्शना फुलांच्या पुडीत तोंड घालून उभी राहिली, आणि संदेशला काय चाललंय ते कळत नव्हतं तरी त्याचे डोळे भरून आले. मला मात्र, सांगायला हरकत नाही, जिंकल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आत्यापुढं जिंकलो होतो, आणि तेही केमिस्ट्री आणि इतिहास या दोन्ही विषयांत.

"तुला माफ केलेलं नाही मी," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि ते पातेलं कुठलं होतं?"

मी घाईघाईनं कार्याला सुरुवात करूया म्हणालो.

आईनं ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात कृतिका आजीच्या कपाळाकडे टक लावून बघत होती. मागून आलेल्या पाचही जणींनी आईचं कपाळ बघितलं, मग आत्याचा चेहरा बघितला, आणि मुकाट्यानं ओवाळलं. मग मामाचा मान. मी मांडी ठोकून बसलो, धुतलेला रुपया खिरीत बुडवला (दुसऱ्या पातेल्यातल्या) आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. संदेश मोबाइल घेऊन समोर उभा होता. आत्यानं त्याला बजावून ठेवलं होतं, "खीर तोंडात गेली की लगेच फोटो काढायचा. चुकवायचा नाही."

मी रुपया पोरीच्या ओठाशी नेला. तिनं ओठ मिटले.

"आ कर बाळा. आ..."

तिनं ओठ आणखी घट्ट मिटले आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. मी टाळी वाजवली, चिऊ दाखवली, काऊ दाखवला, स्वतः मोठा आ करून दाखवला. पोरगी ढिम्म. भोकाड पसरायच्या बेतात आली, तशी आईला राहवलं नाही. तिनं सहज वाटीत बोट बुडवलं आणि पोरीच्या ओठाला लावलं. कृतिकानं झटकन तोंड उघडलं, आणि आजीचं बोट मुळापर्यंत चोखून काढलं. वर आणखी हवं म्हणून हात नाचवायला लागली.

आईला पटकन कळलंच नाही आपण काय केलं ते. कळलं तेव्हा तिनं भीतभीत आत्याकडे बघितलं.

"बघतेस काय?" आत्या म्हणाली. तिचा स्वतःचा पदर डोळ्यांना होता. "झालं उष्टावण. पहिला घास आजीच्या हातचा. दे आणखी तिला."

सगळे हसायला लागले, रडायला लागले, आईभोवती गोळा झाले. मी एकटा पाटासमोर, हातात राणी, आणि राणीवरून खीर मनगटावर ओघळतेय.

"अरे सांडू नकोस खाली! अन्न आहे ते!" आत्या ओरडली.

आता अशा वेळी माणूस काय करेल? मी रुपया तोंडात घातला. आणि संदेशनं, त्याला जे सांगितलं होतं ते तंतोतंत पाळून, त्याच क्षणी फोटो काढला.

त्या दिवसाचा नीट आलेला फोटो तेवढा एकच आहे. तो दोन्ही घरांच्या ग्रुपवर गेला, प्रीतीच्या स्टेटसवर गेला, खाली फुलांची चित्रं टाकून ‘उष्टावण सोहळा’ असं लिहिलेलं. फोटोत कृतिका नाही. आई नाही. पाट आहे, रांगोळी आहे, आणि मी आहे, डोळे मिटून रुपया चाटताना. पण माझं म्हणणं, फोटो जरा मोठा करून बघा. रुपया किती स्वच्छ दिसतोय! सोमवारी नौपाड्याच्या ऑफिसात मी हेच साहेबांना सांगायला लागलो. त्यांनी फोटो खरोखरच मोठा करून बघितला, शांतपणे मोबाइल मला परत दिला आणि म्हणाले, "छान. आता हळूहळू मऊ भात सुरू करा."